आमच्या घरात नसलेला रविवार

मला अजूनही रविवारी दुपारी साडेतीनच्या सुमारास पोटात खड्डा पडल्यासारखं होतं. घरात त्या वेळी दुसऱ्या कुणाला काही होत नाही. आई शेंगा फोडत असते, आत्याबाई पोथी पुढ्यात घेऊन पेंगत असतात आणि बाबा कचेरीत असतात. आमच्याकडे रविवार हा कामाचा दिवस. निजाम सरकारची तातील, म्हणजे सुट्टी, जुम्म्याची. शुक्रवारी कचेऱ्या बंद, शाळा बंद, सरकारी दवाखानाही बंद. शनिवारी आठवडा पुन्हा सुरू होतो आणि रविवारपर्यंत तो चांगला चालता झालेला असतो. पण हे माझ्या पोटाला कोण सांगणार? ते सिकंदराबादच्या मिशनच्या शाळेत वाढलं. तिथे रविवारी साडेतीनला मुलींना भेटायला आलेली माणसं उठायची. मला भेटायला सहसा कुणी येत नसे, तरी ती माणसं गेल्यावर फाटक लावल्याचा आवाज मीही मान वर करून ऐकायचे. मग प्रार्थनेची घंटा व्हायची आणि घंटेनंतर सोमवार दिसायला लागायचा.

मी तिथे कशी गेले ते थोडक्यात सांगते. माझे काका रेल्वेत होते. त्यांना मूलबाळ नव्हतं, म्हणून आठव्या वर्षी त्यांनी मला मागून नेलं आणि पुढे बदल्या होऊ लागल्या तेव्हा शाळेच्या वसतिगृहात ठेवलं. अक्का, माझी मोठी बहीण, त्या वेळी बारा वर्षांची होती. तिचं लग्न राणीसावरगावला ठरलेलं होतं, म्हणून तिला कुणी मागितलं नाही. एकीच्या वाट्याला इंग्रजी आलं आणि एकीच्या वाट्याला राणीसावरगावची काळी जमीन, असं बाबा म्हणत. म्हणताना ते अक्काकडे बघून हसत, कारण त्यांच्या मते चांगला वाटा तिचा होता.

शाळेत प्रत्येक वाराचा वास वेगळा होता. शनिवारी न्हाणीघरातल्या शिकेकाईचा, सोमवारी गणवेशावरच्या इस्त्रीचा. बुधवारी शाईचा, कारण बुधवारी शेवटच्या तासाला सगळ्या मुली घरी पत्रं लिहायच्या. पाकिटं उघडी ठेवावी लागत. बाई ती वाचायच्या आणि मग चिकटवायच्या. त्यामुळे आम्ही तीसजणी मिळून एकच पत्र लिहायचो. मी खुशाल आहे, अभ्यास चालू आहे, इकडे थंडी पडली आहे. मला ते लिहिणं इतकं अंगवळणी पडलं की पुढे पुढे मी मनातल्या मनात सुद्धा तसंच बोलायला लागले.

मोठ्या सुट्टीत घरी आले आणि अक्काही माहेरी आलेली असली की ती मला एकेक वार विचारायची. ती चुलीपुढे भाकरी थापत असायची आणि मी पाटावर बसलेली.

"मंगळवारी काय असतं गं तुमच्यात?"

"शिवण."

"अन् बेस्तरवारी?"

"गाणं. पेटीवर."

"पेटीवर! अन् आमी इथं उखळावर," असं म्हणून ती स्वतःच हसायची. तिने माझ्याकडून वारांची इंग्रजी नावं शिकून घेतली. भाकरीला एकेक थाप मारत ती म्हणायची, संडे, मंडे, ट्यूझडे. वेन्सडेला जीभ अडायची आणि थापही चुकायची. "हा वार लय वाकडा माय," म्हणायची. तिला एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण सातही वार आले.

सतराव्या वर्षी शाळा संपवून मी कायमची परभणीला आले. पहिल्याच रविवारी सकाळी लवकर न्हाले, धुतलेलं पांढरं पातळ नेसले आणि काही न करता ओसरीवर बसून राहिले. हे मी ठरवून केलं नव्हतं. हातापायांनी आपलं आपण केलं. आत्याबाई म्हणजे बाबांच्या विधवा बहीण, त्या आमच्याकडेच राहतात. त्या परसातून गोवऱ्या घेऊन आल्या आणि मला बघून थबकल्या.

"काय गं, कुठं निघालीस?"

"कुठं नाही."

"मग नटूनथटून वाट कुणाची बघायलीस? पाद्र्याची?"

आई हसली. मीही हसले. पण ते बाबांच्या कानावर गेलं. ते तहसील कचेरीत पेशकार आहेत, दाव्यांचे कागद सांभाळतात आणि घरातही फैसला वाचून दाखवल्यासारखं बोलतात. माझ्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. मुलगी मिशनमध्ये होती हे बोलायचं नाही, काकांकडे शिकली एवढंच सांगायचं, असं ठरलेलं होतं. त्यांनी मला समोर बोलावलं.

"तिथलं तिथं राहिलं," ते म्हणाले. "आईतवारचं नाव या घरात काढायचं नाही. मिशनमध्ये काय चालतं, काय नाही, हे कुणाला सांगायचं नाही. आम्हालाही नाही. समजलं?"

मी मान हलवली. शाळेतून आणलेलं एक कॅलेंडर मी खोलीत टांगलं होतं. त्यात रविवार तांबड्या शाईत छापलेले होते. ते उतरवलं आणि ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवलं.

मग मी घरचा आठवडा शिकले. सोमवारी आईचा उपास, म्हणून दुपारपर्यंत तिच्याशी बोलायचं नाही. मंगळवारी नवीन काही सुरू करायचं नाही. बुधवारी लेकीने माहेरचा उंबरा ओलांडायचा नाही. 'जाशील बुधी तर येशील कधी', हे आत्याबाई शेजारच्या लेकींनाही अडवून सांगतात. गुरुवारी बाजार. शुक्रवारी बाबा घरी, म्हणून त्यांना सुट्टी आणि आम्हाला दुप्पट काम. शनिवार पोखर्णीच्या नृसिंहाचा. शुक्रवारी सकाळी गल्लीतल्या सगळ्या पुरुषांचे चेहरे सैल पडत. माझा रविवारी सैल पडायचा आणि तेव्हा सगळं घर कामाला जुंपलेलं असायचं. गर्दीत चुकून दुसऱ्याच्या पावलावर पाय पडतो, तसं माझं आठवडाभर होत राहायचं. शुक्रवारी मी गप्प असले की आई विचारी, "आज तर सगळे घरी आहेत, मग तोंड का उतरलंय?" रविवारी तिने कधी विचारलं नाही.

मी परत आल्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात, एका गुरुवारी, बाजार मोडायच्या वेळेला अक्काच्या दिराने तिला आणून सोडलं. खळ्यावर ज्वारी उपणत असताना वारा उलटा फिरला आणि भुसा तिच्या तोंडावर आला. कणसाचं बारीक कूस उजव्या डोळ्यात गेलं. त्याला चार दिवस झाले होते. सासूने मध घालून बघितला, मग कुणी एरंडेल घातलं. आता पापणी सुजून डोळा मिटला होता आणि गालावर पाण्याचा ओघळ वाळून पांढरा झाला होता.

दीर पाणी प्यायला आणि उठला. "बरा झाला का निरोप धाडा. न्यायला येतो."

"अन् नाही झाला तर?" आत्याबाईंनी विचारलं.

त्याने तांब्या खाली ठेवला. "वहिनीला तिकडं लय काम असतं," एवढंच म्हणाला आणि गेला.

एवढ्यावरून सगळ्यांना कळलं. अक्काला लग्नाला दहा वर्षं होत आली तरी मूल नव्हतं. मेहुण्यांनी दुसरी करावी अशी कुजबूज तिच्या सासरी आधीपासून होती. डोळ्यात फूल पडलं, म्हणजे बुबुळावर तो पांढरा डाग बसला, तर न्यायला कुणी येणार नव्हतं. आई चुलीकडे तोंड करून रडत होती. अक्का मात्र मला म्हणाली, "काय बघायलीस? एका डोळ्यानं तू निम्मीच दिसतीस. बरी दिसतीस."

शुक्रवारी दवाखाना बंद. बाबा दिवसभर घरीच होते, मोकळे होते आणि दारातून आत-बाहेर करत होते. शेजारच्या बाळंतिणीचं दूध आणून डोळ्यात पिळलं. शनिवारी सकाळी ते अक्काला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी पापणी उचलून पाहिली आणि लगेच सोडली. "पेशकार साब, ये मेरे बस का नहीं. मिशनवाली डाक्टरनी को दिखाओ. देर मत करो."

मिशनचा दवाखाना रेल्वेने चार तासांवरच्या गावी होता. तिथल्या गोऱ्या बाई डोळ्यांसाठी नावाजलेल्या होत्या. बाबा तसेच कचेरीत गेले आणि रजा मागितली. एका मोठ्या जमिनीच्या दाव्याची पेशी सोमवारपासून गुरुवारपर्यंत चालणार होती. कागद सगळे बाबांच्या हातात. तहसीलदारांनी एकच दिवस दिला, रविवार.

दिवेलागणीला ते ओसरीवर बसून आईला सांगत होते. मी उंबऱ्याच्या आत कंदिलाची काच पुसत होते.

"उद्या पहाटेच्या गाडीने निघू. रात्री परत. उद्या जुम्मा नाही हे नशीब. आईतवारी सगळं उघडं असतं."

काच माझ्या हातात होती. मला ठाऊक होतं. त्या घरात एकटीला मलाच ठाऊक होतं की मिशनच्या ठिकाणी रविवारी काही उघडं नसतं. चुली सुद्धा एकदाच पेटायच्या. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, "उद्या बंद असेल." तीन शब्द. ते मी जिभेवर आणले, आणि त्यांच्यामागे बाबांचा प्रश्न दिसला, तुला कसं ठाऊक? आणि त्याच्यामागे त्यांचा चेहरा. मग मी स्वतःला सांगायला लागले की शाळा वेगळी, दवाखाना वेगळा. दुखणं काही वार बघून येत नाही, कुणीतरी असेलच. त्यांची रजा तर फक्त उद्याची आहे. बोलून तरी काय होणार? मी असं बरंच काही सांगितलं स्वतःला. काच फार स्वच्छ झाली.

"इंग्रजी बोलायला हिला घ्या संगं," आई म्हणाली. बाबा थोडा विचार करून हो म्हणाले.

गाडीत अक्का माझ्या शेजारी खिडकीशी बसली. पदराचा बोळा डोळ्यावर धरलेला. मानवत रोडच्या पुढे बाबांना डुलकी लागली तेव्हा तिने मला कोपराने ढोसलं आणि हळूच म्हणाली, "संडे ना गं आज?"

"हो."

"तुझ्या शाळेत आता घंटा वाजत असंल."

"हो."

"बघ, एवढं दुखायलंय तरी ध्यानात राहिलं," ती म्हणाली आणि त्यातही तिला हसू आलं.

आम्ही पोचलो तेव्हा चर्चची प्रार्थना सुटत होती. दवाखान्याचं फाटक लोटलेलं होतं. आत व्हरांड्यात एक मराठी नर्स होती. पांढऱ्या पातळावर तिने लाल काठाची शाल घेतली होती. बाबांनी टोपी सारखी करून डॉक्टरीण बाईंना भेटायचं म्हणून सांगितलं.

"बाई आज नाहीत, दादा. बाहेरगावी प्रार्थनेला गेल्यात. आज रविवार आहे ना."

"रविवार म्हणजे?" बाबांनी विचारलं. त्यांना खरोखरच कळलं नव्हतं. आपल्या टोपीला, कागदांना, चार तासांच्या प्रवासाला त्या शब्दाने काय केलं, हे ते तिच्या तोंडाकडे बघून समजून घेत होते.

नर्स चांगली होती. तिने डोळा धुतला, औषध घातलं, पट्टी बांधली. "बाई रात्री येतील. उद्या सकाळी पहिला नंबर तुमचा लावते. इथंच राहा, मागं ओवरी आहे, नातेवाईक राहतात."

"उद्या मला पेशी आहे."

"मग तुम्ही जा. बायांना राहू द्या. मी आहे की रात्रीची."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. तेवढंच मला अजून स्वच्छ आठवतं, कारण ते माझ्याकडे असं सहसा बघत नाहीत. मी काही म्हणते का, हे बघत होते. इतकी वर्षं मी परक्या बायकांत, अशाच पांढऱ्या भिंतींमध्ये एकटी राहिले होते. ती ओवरी, ते फिनेलचे वास, ती घंटा, मला त्यातलं काहीच परकं नव्हतं. 'मी राहते अक्कापाशी.' पुन्हा तीनच शब्द. पण इथे मला राहता येईल असं म्हणणं म्हणजे मी इथलीच आहे असं म्हणणं, असं मला वाटलं. मी जमिनीकडे बघत राहिले.

"नाही," ते नर्सला म्हणाले, "दोन तरण्या पोरी कुणाच्या भरवशावर ठेवू? शुक्रवारी आणतो. शुक्रवारी तरी असतात ना?"

"असतात. पण उशीर करू नका."

परतीच्या गाडीत बाबा दोनदा स्वतःशीच म्हणाले, "दवाखान्याला आईतवारी कसली तातील!" मी वाट बघत होते की ते मला विचारतील, तुला ठाऊक नव्हतं? सेलू गेलं, मानवत गेलं. त्यांनी विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं असं मला तेव्हा वाटत होतं. आता तसं वाटत नाही. साडेतीन वाजले तेव्हा गाडी एका उजाड स्टेशनात उभी होती आणि माझ्या पोटात नेहमीसारखा खड्डा पडला.

मग ते पाच दिवस. एखादा आठवडा माणसाच्या अंगावरून गाडीच्या चाकासारखा जातो, हे मी तेव्हा पाहिलं. सोमवारी अक्काला थोडं बरं वाटलं आणि आईने त्याचं श्रेय आपल्या उपासाला दिलं. मंगळवारी ठणका सुरू झाला. ती भिंतीला कपाळ लावून बसायची. मी जवळ गेले की म्हणायची, "काहीतरी सांग गं शाळेतलं." मला एकही वार आठवत नसे.

मंगळवारी सांजच्याला शेजारचे वकील आणि त्यांच्या बायको आमच्याकडे आले. ते दुसऱ्या दिवशी त्याच गावी नातेवाइकांकडे निघाले होते, दोघी मुलींना आमच्यासंगं द्या म्हणाले. आईने लगेच गाठोडं बांधायला घेतलं. बाबाही तयार होते. आत्याबाईंनी कोपऱ्यातून विचारलं, "उद्या वार कोणता?"

त्यांनी पुढ्यातली पोथी मिटली.

"माहेरवाशीण बुधवारी बाहेर काढायची? जाशील बुधी तर येशील कधी!"

"वन्सं, ती दवाखान्यात निघाली, सासरी नाही," आई म्हणाली. मी तिला त्यांच्यासमोर इतकं मोठ्याने बोलताना पहिल्यांदा ऐकलं.

"उंबरा तोच ना?"

आई हातातल्या गाठोड्याची गाठ सोडत होती की बांधत होती, हे मला कळलं नाही. बाबा बहिणीला कधी मोडून काढत नाहीत. माझ्याकडे या वेळी कुणी बघत नव्हतं. ते अक्कानेच संपवलं. "राहू द्या आई. तीन दिवसांनी शुक्रवार हाय. उगं आत्याबाईंच्या मनाला लागंल." पुढे काही झालं तर बुधवारी गेली म्हणून झालं असं कुणी म्हणू नये, एवढंच तिला हवं होतं, असं मला वाटतं. वकिलीणबाई निमूट उठल्या.

शुक्रवारी आम्ही गेलो. फाटक उघडं होतं, बाई होत्या, पहिला नंबर लागला. बाई उंच, करड्या केसांच्या. त्यांनी भिंग लावून डोळा बराच वेळ पाहिला. मग हात धुता धुता माझ्याशी इंग्रजीत बोलायला लागल्या. माझे उच्चार ऐकून त्यांनी विचारलं, कुठे शिकलीस? मी शाळेचं नाव सांगितलं. त्यांचे हात नळाखाली थांबले.

त्या म्हणाल्या की नर्सने त्यांना सांगितलं होतं. सोमवारी सकाळी त्यांनी आमची वाट पाहिली. सोमवारी आलो असतो तर डोळा बहुतेक वाचला असता, आता जखम बुबुळाला भिनली आहे, पांढरा डाग राहील, नजर येणार नाही. मग त्या रागावल्या नाहीत, पण काही न कळल्यासारखं त्यांनी मला विचारलं, तू आमच्या शाळेतली मुलगी, रविवारी आम्ही नसतो हे तुला ठाऊक नव्हतं?

"काय म्हणतात?" बाबांनी विचारलं.

मी बुधवारी पत्र लिहावं तसं सांगितलं. "म्हणतात, जखम आधीच खोल होती. आपल्याकडे आली तेव्हाच उशीर झालेला होता."

बाबांनी डोळे मिटून श्वास सोडला. "म्हणजे त्या दिवशी दाखवलं असतं तरी..."

"तरी तेच."

मी हे बाबांना वाचवायला बोलले असं मी पुष्कळदा स्वतःला सांगितलं आहे. त्यात थोडं खरंही असेल. पण बाई बोलत होत्या तेव्हा अक्का खुर्चीवर बसून ऐकत होती. त्या सगळ्या इंग्रजीत तिला दोनच शब्द येत होते, आणि बाईंनी ते दोन्ही पुन्हा पुन्हा उच्चारले होते. संडे आणि मंडे. मी बोलून संपवलं तेव्हा तिचा चांगला डोळा माझ्यावर होता. गाडीतही तिने तो हलवला नाही. बाबा बाजूला बसून आता बोलत होते, पोरीचं नशीब, कुणाच्या हातात काय असतं. ती "हो बाबा" म्हणत होती.

डोळ्यात फूल पडलं. आईने पोखर्णीच्या नृसिंहाला चांदीचे डोळे वाहायचा नवस केला होता. देवाने ऐकलं नाही तरी एका शनिवारी तिने ते वाहिलेच. मी बरोबर होते. पुजाऱ्याने ते दोन पातळ, सपाट डोळे देवाच्या पायाशी ठेवले आणि विचारलं, "गुण आला?" आई म्हणाली, "आला." मग कळलं की आमच्या घरात असं बोलणारी मी एकटी नाही.

राणीसावरगावहून निरोप आला नाही. पावसाळ्यात मेहुण्यांनी दुसरं लग्न केल्याचं बाजारात आलेल्या एका माणसाकडून कळलं. अक्का आमच्याकडेच राहिली. भाकरी ती पूर्वीसारखीच थापायची, फक्त वार म्हणायची नाही. मला तिच्याजवळ बसायचं धाडस होत नसे. दर रविवारी वाटायचं, आज सांगू. मग बाबा कचेरीतून येत, चूल पेटे आणि सोमवार उजाडे. ती स्वतः काही विचारत नव्हती, आणि मला भीती हीच होती की ती कधीच विचारणार नाही.

पुढच्या सुगीला दीर बैलांची दमणी घेऊन दारात आला. नवीन बाईला दिवस गेले होते, वाकून काम होत नव्हतं, खळं तोंडावर आलं होतं. "वहिनीला न्यायला आलो," तो म्हणाला, जणू मागच्या गुरुवारीच सोडून गेला होता. बाबांनी त्याला गूळपाणी दिलं. आईने पटकन अक्काची लुगडी बांधली, तो परत जाईल या भीतीने. न्यायला आले आहेत, एवढ्यावरच सगळे कृतज्ञ होते. तो बुधवार होता. हे सगळ्यांना ठाऊक होतं. आत्याबाई देवघरात वाती वळत बसल्या आणि अक्का पाया पडायला गेली तेव्हाही त्यांनी वर बघितलं नाही.

मी दारात हळदकुंकवाचं तबक धरून उभी होते. अक्का माझ्यापाशी थांबली. चांगला डोळा माझ्याकडे यावा म्हणून तिला मान जरा वळवावी लागली.

"आज वेन्सडे ना गं?" ती इतक्या हळू म्हणाली की फक्त मलाच ऐकू जावं. शब्द बरोबर आला, जीभ अडली नाही.

"हो."

"काय असायचं तुमच्यात वेन्सडेला? इसरले मी."

"पत्रं लिहायचो."

"मग लिही मला," ती म्हणाली. "दीर वाचून दाखवतेत."

तिला सगळं ठाऊक आहे. ती ते मला सांगत होती, का माझ्याकडून ऐकायची वाट अजूनही बघत होती, हे मी दमणी वळणाआड जाईपर्यंत ठरवत राहिले.

मी दर बुधवारी लिहिते. दीर ते पत्र ओसरीवर सगळ्यांपुढे मोठ्याने वाचत असणार, सासू, मेहुणे, नवीन बाई, सगळ्यांपुढे. म्हणून लिहिते, इकडे सर्व खुशाल आहेत, आईचे गुडघे दुखतात, थंडी पडली आहे. वर तारीख घालण्याच्या जागी 'संडे' लिहावं असं कधी कधी मनात येतं. दीर अडखळत वाचेल, हे काय लिहिलंय म्हणून हसेल, आणि माजघरात बसलेल्या एकीलाच ते कळेल. मी टाक दौतीत बुडवते, 'स' काढते. मग त्याच्यावर शाई गिरवून तो झाकते आणि पुढे 'बुधवार' लिहिते. आतापर्यंत तिच्याकडे अशी बरीच पत्रं गेली असतील, वरच्या कोपऱ्यात शाईचा एक डाग असलेली.